आकाशाची पूर्व डावीकडे

दोन वर्षं मी आकाश उलटं धरून बसलो होतो.

हे अलंकारिक वाटेल, पण अलंकार मला कधी परवडलेच नाहीत. अक्षरशः उलटं. टेबलाच्या काचेवर ठेवून, खालून ट्यूबलाईट पेटवून, पूर्वेच्या जागी पश्चिम आणि पश्चिमेच्या जागी पूर्व धरून मी विश्वातल्या सगळ्यात लांबच्या रेडिओ दीर्घिका शोधत होतो. त्या सापडल्या नसत्या तर एक वेळ माझ्या डोक्यात उजेड पडला असता. पण त्या सापडत होत्या. बऱ्या सालात लातूरच्या अडतीत तूर येते ना, तशा पोत्यांनी.

तेव्हा मी लातूरच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. म्हणजे झालं काय होतं, तर कलेक्टर आले होते, एसपी आले होते, जुन्या पाट्यांवर नवा रंग चढला होता, आणि पानटपरीवरचा माणूससुद्धा "आता आपण जिल्हा हाय" म्हणत चुना जरा जास्त लावायचा. पाणी तेवढं वाटणीत उस्मानाबादेकडं राहिलं असावं. पावसाने लागोपाठ दगा दिलेला. नळ आला की बाळंतपणाची बातमी फुटावी तशी गल्लीत फुटायची. "आलं का?" "आलं, आलं!" "किती आलं?" "दोन घागरी, आन् गेलं."

बायको नांदेडला, सरकारी दवाखान्यात नर्स. तिथे गोदावरी. तिथे बादलीभर पाण्याने आंघोळ करून माणूस वर आणखी तांब्या ओतून घ्यायचा, नुसता गंमत म्हणून. शनिवारी दुपारी मी एसटी धरायचो, रविवारी संध्याकाळी परतायचो. लग्न झाल्यापासून आमचा संसार असा अहमदपूरच्या स्टँडवर चहा पीत चालला होता. तिला नाइट ड्यूटी असली की मी पोचायचो तेव्हा ती निघालेली, ती यायची तेव्हा मी घोरत. शेजारीण एकदा तिला म्हणाली, "बाई, तुमचे पाहुणे शनिवारी येतेत न्हवं का, ते तुमचे कोण?"

एका छपराखाली राहायचं, एवढीच आमची मागणी होती. आणि त्याला वाटा दोनच. एक म्हणजे नांदेडच्या एका मोठ्या कॉलेजात पदार्थविज्ञानाची जागा निघणार होती. पण तिथे संशोधनवाला माणूस हवा होता. दुसरी वाट तिनेच एका रविवारी सांगितली.

"अहो, मेट्रनबाई विचारून राहिल्या. लातूरला जिल्ह्याचा दवाखाना वाढवायलेत म्हणे, नर्सा कमी पडायल्यात. जातीस का म्हणल्या."

"लातूरला? अगं, तिथं प्यायला पाणी नाही."

"तुम्ही पिताव न्हवं? जित्ते हाव की."

"मी नांदेडला येणार आहे," मी म्हणालो. "त्या कॉलेजात. माझ्या दीर्घिका सापडू लागल्यात. नाही म्हणून सांग मेट्रनला."

ती माझ्याकडे बघत राहिली. इंजेक्शन कुठे टोचावं ते ठरवताना नर्स जशी बघते, तशी. मग म्हणाली, "बरं." हे 'बरं' मला तेव्हा होकारासारखं वाटलं होतं.

आता रेडिओ दीर्घिका म्हणजे काय, ते सांगतो. घाबरू नका, मलाही फार येत नाही. काही दीर्घिका नुसत्या चमकत नाहीत, बोंबलतातही. पण रेडिओ लहरींत, म्हणजे आपल्या डोळ्याला काही कळत नाही. त्यातली जवळची कोणती आणि विश्वाच्या पार पल्याडची कोणती, हे हेरायची तेव्हा एक युक्ती निघाली होती. लांबच्या वरातीचा बँड आठवा. क्लॅरिनेट ऐकू येत नाही, नवरदेवाच्या मामाचं भांडण ऐकू येत नाही, फक्त ढोल येतो. धब्ब, धब्ब. दीर्घिकांच्या बाबतीत कारण निराळं असतं, पण प्रकार तोच: ती जितकी लांब, तितका जाडा आवाज टिकतो आणि बारीक आवाज मरतुकडा होतो. तेव्हा जिथून नुसता ढोलच ऐकू येतो अशा आकाशातल्या जागा निवडायच्या. मग साध्या दुर्बिणीतून काढलेल्या फोटोत ती जागा बघायची. तिथे दीर्घिका दिसली तर ती जवळची. नमस्कार करून सोडून द्यायची. काहीच दिसलं नाही, कागद कोरा, तर मात्र टाळी. म्हणजे ती इतकी लांब, की फोटोतसुद्धा उमटली नाही.

थोडक्यात, जिथे काही नाही ते सापडलं की डॉक्टरेट. हा विषय मला पहिल्या दिवसापासून आवडला.

घरच्यांना तो पटवणं अवघड होतं. आमच्या घराने छप्पन साली दीक्षा घेतली आणि देव सोडले, त्यामुळे आकाशात आमच्या ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. माझी आई म्हणायची, "एवढ्या मुश्किलीनं वरचे सगळे काढून टाकले, आन् ह्यो पुन्हा वर काय हुडकायलाय?"

माझे मार्गदर्शक दक्षिणेतल्या डोंगरात, मोठ्या रेडिओ दुर्बिणीपाशी राहायचे. माणूस मूळचा आपल्याकडचाच, पण थंड हवेने बोलणं आखडलेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिकडे जायचो, जागांचे आकडे आणायचो, त्यांच्याकडच्या आकाशाच्या फोटोंचे फोटो काढून आणायचो आणि लातूरच्या स्टुडिओत ते मोठे करून घ्यायचो. हे फोटो उलट्या रंगाचे असतात. आकाश पांढरं, तारे काळे. स्टुडिओवाला पहिल्यांदा म्हणाला, "सर, ह्यात माणूस कुठंय?" मी म्हणालो, माणूस नाही. "मग पैसे वाया घालवाय लागलाव," म्हणाला आणि पासपोर्ट साईझचे दर लावले.

पुढचं काम असं. एका पारदर्शक फिल्मवर शोधायच्या जागेची फुली काढायची आणि तिच्या भोवतालचे पाच-सहा ओळखीचे तारे टिंबांनी मांडायचे. फिल्म फोटोवर ठेवायची, टिंबं काळ्या ताऱ्यांवर नेमकी बसवायची, आणि मग फुलीखाली काय आहे ते भिंगातून बघायचं. पारदर्शक फिल्म बाजारात महाग. बायको दवाखान्यातून बिघडलेले, फेकून द्यायचे एक्स-रे आणायची आणि सोडा घालून गरम पाण्यात धुवायची, की छान निळसर, स्वच्छ फिल्म व्हायची. हे धुणं नांदेडलाच व्हायचं. लातूरला कुणी विश्वाच्या शोधासाठी बादलीभर पाणी ओतलं असतं, तर गल्लीने त्याचा पंचनामा केला असता. काही फिल्म नीट धुतल्या जायच्या नाहीत. माझ्या सगळ्यात लाडक्या दीर्घिकेच्या मागे कुणाच्या तरी बरगड्या होत्या.

आता उलटं कसं झालं, ते.

खालून उजेड पडणारं काचेचं टेबल अख्ख्या लातुरात तेव्हा माझ्याकडेच होतं. निदान प्राचार्यांनी तसं तहसीलमध्ये सांगून टाकलं होतं. नवा जिल्हा, त्यात टंचाई, आणि कुठल्या गावाला टँकर जातो कुठल्या नाही, त्याचे नकाशे रोज वरून मागवले जात होते. एक दिवस नायब तहसीलदार काखेत गुंडाळ्या घेऊन दारात उभे.

"सर, तुम्ही ट्रेसिंग लई झकास करताव म्हणे."

"मी ताऱ्यांचं करतो."

"मग गावाचं काय अवघड हाय? ताऱ्याला टँकर लागत नाय, एवढाच फरक."

झालं. पुढे किती महिने मी सकाळी जिल्हा गिरवला ते आठवत नाही. डावीकडे मुरुड, उजवीकडे देवणी, त्याच्याही पल्याड नांदेडच्या हद्दीतलं देगलूर. पूर्व म्हणजे उजवा हात. हात असा सरावला की झोपेत कूस बदलताना मी देवणीकडे वळायचो. आणि दुपारी त्याच काचेवर, त्याच पेनाने, त्याच हाताने आकाश काढायला बसायचो.

आकाशाची पूर्व मात्र डावीकडे असते. जमीन आपण वरून बघतो, आकाश खालून. गोधडीवर मोर काढलेला असेल आणि आपण गोधडीखाली शिरून उजेडात तो बघितला, तर त्याची चोच दुसऱ्या बाजूला दिसेल, तसंच. हे मी दरवर्षी पोरांना शिकवायचो. ज्याला येत नाही त्याचे मार्क कापायचो. आणि मी स्वतः एकामागून एक फिल्मवर पूर्व उजवीकडे, देवणीच्या अंगाला, मांडत गेलो.

टिंबं बसेनात, हे पहिल्याच फिल्मला दिसलं होतं. म्हणजे दोन बसायची, बाकीची इकडेतिकडे पळायची. आरशातलं चित्र असलं तरी फिरवून फिरवून त्यातली दोन टिंबं दोन ताऱ्यांवर बसवता येतात; तिसरं बसलं तरच खरं. हेही मला माहीत होतं. पण दोन टिंबं बसवून फुलीखाली बघितलं, तर तिथे कोरा कागद! काहीही नाही! माणसाला हवं ते मिळाल्यावर तो तिसरं टिंब कशाला बसवत बसेल? दुसऱ्या फिल्मला कोरा कागद, तिसरीलाही. मी टेबलाभोवती एक फेरी मारली, असं मला आठवतं.

उरलेल्या टिंबांचं काय, याचं उत्तरही मी शोधलं. लातूरचा उन्हाळा. इथल्या उन्हाने एक्स-रेची फिल्म आकसते, म्हणून तारे जागा सोडतात. यावर मी चांगला पानभर मजकूर लिहून मार्गदर्शकांना पाठवला. त्यांचं पोस्टकार्ड आलं: "उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात असं आमच्या वेळी शाळेत शिकवत. तिकडे नव्या जिल्ह्यात अभ्यासक्रम बदलला काय? तिसरा तारा बसवा." मला वाटलं, म्हातारा जळतो. डोंगरात आयुष्य गेलं, त्याला इतक्या लांबच्या सापडल्या नाहीत, आणि लातूरच्या मास्तराला टेबलावर बसून सापडतात.

बायकोला मात्र मी दर शनिवारी आकडा सांगायचो.

"सगळ्याच लांबच्या?" तिने एकदा पोळी लाटता लाटता विचारलं.

"सगळ्याच."

"एक बी जवळची न्हाई?"

"एकही नाही!"

"आमच्या वॉर्डात सगळ्याच पेशंटला एकच रोग निघाला, तर आधी आम्ही थर्मामीटर बदलून बघतो."

मी तिला समजावून सांगितलं की विज्ञान आणि वॉर्ड यांत फरक असतो. तिने पोळी तव्यावर टाकली.

बातमी पसरायला वेळ लागला नाही, कारण ती मीच पसरवत होतो. प्राचार्यांनी सत्कार ठेवला. शाल, नारळ, माईक, आणि पहिल्या रांगेत नव्या जिल्ह्यामुळे नव्याने मोठे झालेले एक पुढारी. प्राचार्य म्हणाले, जिल्हा होऊन फार दिवस झाले नाहीत, तोच आपलं नाव विश्वाच्या कडेला जाऊन लागलं. टाळ्या पडल्या. पुढाऱ्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "सर, लांब म्हंजी किती लांब?"

"तिथून निघालेला उजेड इथे यायला अब्जावधी वर्षं लागतात, साहेब."

त्यांनी जरा विचार केला. "म्हंजी आमच्या टँकरपेक्षा थोडा उशीर," असं म्हणून ते नारळ द्यायला उठले.

त्या शालीच्या उबेतच मी नांदेडच्या मुलाखतीला गेलो. लातूरच्या घरमालकाला सांगून टाकलं होतं, महिनाअखेर खोली सोडतो. फोटो आणि फिल्म एका पत्र्याच्या पेटीत घातले, पेटी एसटीत मांडीवर घेतली. टपावर ठेवायला कंडक्टरने मागितली तेव्हा मी त्याला म्हणालो, यात विश्व आहे. तो म्हणाला, विश्वाचं अर्धं तिकीट लागेल.

मुलाखतीला तिघे होते. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना झोप आलेली. त्या कॉलेजचे प्राचार्य, ज्यांना मी हवा होतो, कारण शाल त्यांच्याही कानावर गेली होती. आणि बाहेरून आलेले तज्ज्ञ, हैदराबादकडचे एक वयस्क प्राध्यापक, जाड भिंगाचे, मराठी बोलता बोलता दख्खनीत घसरणारे.

"दाखवा, दाखवा," ते म्हणाले. "इतक्या लांबच्या आम्हाला कुठं बघायला मिळतेत."

मी माझी लाडकी दीर्घिका काढली. फोटो टेबलावर ठेवला, वर फिल्म ठेवली, दोन टिंबं दोन ताऱ्यांवर बसवली. "बघा सर, फुलीखाली काही नाही."

ते समोर बसलेले, त्यांना सगळं खाली डोकं वर पाय दिसत होतं. त्यांनी फोटो स्वतःकडे फिरवून घेतला. मग फिल्म उचलली, उजेडाकडे धरली.

"ये पसलियाँ किसकी?"

"ती पेशंटची, सर. मूळची."

"अच्छा." आणि त्यांनी फिल्म परत फोटोवर ठेवली. पण ठेवताना सरळ न ठेवता, तव्यावरची भाकरी उलटावी तशी पालथी टाकली. जरा सरकवली. आणि माझ्या डोळ्यांदेखत पहिलं टिंब ताऱ्यावर बसलं, दुसरं बसलं, तिसरं, चौथं, सगळी बसली. लातूरच्या उन्हात न आकसता. आणि फुलीच्या बरोबर खाली, पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी ऐसपैस, एक काळी, गुबगुबीत दीर्घिका.

तज्ज्ञांनी नुसता हात पुढे केला. मी दुसरी फिल्म दिली. पालथी. म्हैस. तिसरी दिली. पालथी. म्हैस, आणि शेजारी रेडकू.

मी म्हणालो, "स्टुडिओवाल्याने फोटो उलटा छापला असेल."

"फोटो सीधा है," ते म्हणाले. "फोटोवर कोपऱ्यात नंबर आहे, तो वाचता येतोय."

अध्यक्षांना एवढ्यात जाग आली. त्यांनी वाकून पाहिलं आणि आनंदाने म्हणाले, "म्हणजे सापडल्या ना? मघाशी तर दिसत नव्हत्या म्हणत होते!"

"सापडल्या, साहेब," तज्ज्ञ म्हणाले. "पण ह्यांना ह्या सापडायला नको होत्या." आणि त्यांनी भिंगाआडून माझ्याकडे अगदी मायेने बघितलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

प्राचार्यांनी पुढचा उमेदवार बोलावला. मी पेटी उचलून बाहेर आलो, तेव्हा तो उमेदवार अदबीने उठून उभा राहिला. मला म्हणाला, "सर, तुम्हीच का ते लांबच्यावाले?"

तिथून दवाखान्याच्या मागच्या तिच्या खोलीपर्यंत मी चालत गेलो. दीर्घिकांचं दुःख मला तोवर फारसं झालं नव्हतं. त्यांचं काय, त्या होत्या तिथेच होत्या. पण आता नांदेडची वाट बंद. लातूरची वाट मीच बंद करायला लावली होती. घरमालकाला खोली सोडतो म्हणून सांगितलं होतं, ते वेगळंच. म्हणजे लातूरला छप्पर नाही, नांदेडला नोकरी नाही, आणि संसार पुन्हा अहमदपूरच्या स्टँडवर.

ती ड्यूटीवरून नुकतीच आली होती. भांडी गोणपाटात गुंडाळून ट्रंकेत भरत होती. मला वाटलं, मी येणार म्हणून खोलीत जागा करतेय.

सगळं सांगितलं. गोधडी, मोर, देवणी, पालथी फिल्म, म्हशी. ती मध्ये एकदाच बोलली. "तिसरं टिंब बसत न्हवतं, हे तुम्हाला म्हाईत होतं?"

"हो."

"बरं. पुढं?"

पुढे काही नव्हतं. मी खाटेवर बसलो. "उद्या मेट्रनबाईंना भेट," मी म्हणालो. "हातापाया पड. म्हण, तेव्हा चुकून नाही म्हणाले, अजून जागा असेल तर लातूरला जाते."

"नाही कवा म्हणले मी?"

"अगं, मी सांगितलं होतं ना तुला, नाही म्हण म्हणून."

"तुम्ही सांगितलं होतं," ती म्हणाली आणि तवा ट्रंकेच्या कडेला उभा घालून बघितला. बसेना, आडवा घातला. "मी दुसऱ्याच दिवशी हाव म्हणून आले. ऑर्डर बी आली. पहिल्या तारखेला लातूरला हजर व्हायचंय. तुमच्या घरमालकाला बी निरोप धाडलाय, खोली सोडत न्हाई म्हणून."

मला आधी हायसं वाटलं आणि मग मी खाटेवरून ताडकन उठलो. "आणि मला आज इथली नोकरी लागली असती तर? मी नांदेडला आणि तू लातूरला! मग काय केलं असतं?"

तिने ट्रंकेचं झाकण दाबलं, वर गुडघा ठेवला, कडी लावली.

"लागत नसती," ती म्हणाली.